निवडुंग वाकला तो आषाढ

आषाढ लागला की सकाळी चहाच्या आधी मी कुंडीपाशी जातो. मातीत एक काडी खुपसतो, थोडा वेळ तशीच ठेवतो, बाहेर काढून बोटांत फिरवतो. कोरडी आली की बरं वाटतं. मग निवडुंगाच्या बुंध्याला अंगठ्याने दाबून बघतो. घट्ट. एवढं झालं की माझा पावसाळी दिवस सुरू होतो. माझी बायको शैला चुलीपाशी बसून हे रोज बघते आणि रोज म्हणते, "झाली तपासणी? आता वायच सोताची साखर पण तपासा."

आमच्याकडे या दिवसांत प्रत्येक वस्तू थोडी थोडी पाणी होते. मिठाच्या बरणीत तळाला समुद्र साचतो. काड्या ओढून ओढून काड्यापेटी गुळगुळीत होते, पण एकही पेटत नाही. मागचं दार फुगून बसतं आणि खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या असतात, त्यामुळे मालवणच्या बाजारात ताजी मासळी कमी. घराघरांतून भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास येतो. चुलीच्या निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या पुरलेल्या असतात, एखादी फट्‌ करून फुटते. मळ्यांतून भातलावणीची हाकाहाक ऐकू येते. असल्या ओल्या जगात एका निवडुंगाने उभं राहायचं म्हणजे त्याच्याही जिवाची परीक्षाच. आणि माझ्याही. पण ती अक्कल मला चार वर्षांपूर्वीच्या आषाढाने दिली. तोपर्यंत मी त्या कुंडीकडे नुसता बघत होतो.

त्या वर्षी मी नुकताच निवृत्त झालो होतो. एकतीस वर्षं एसटी चालवली, बरीचशी घाटातून. आमची मुलगी नेहा पुण्याला, तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. मग माहेरच उठून तिच्याकडे गेलं. ज्येष्ठात शैलाने बॅग भरली. परत येणार ती थेट चतुर्थीला, गणपती घरात येण्याआधी. म्हणजे तीन महिने मी एकटा. लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली होती आणि तीस वर्षांत मी स्वतःच्या हाताने भात एकदाही शिजवला नव्हता.

निघायच्या दिवशी तिने मला घरभर फिरवलं. डाळ कुठल्या डब्यात, कुकरला शिट्ट्या किती, दूध उतू जायच्या आधी कसा आवाज करतं. सगळ्यात शेवटी ती निवडुंगापाशी थांबली. पडवीच्या कोपऱ्यात तो उभा होता, हातभर उंच, मनगटाएवढा जाड, पाच कंगोऱ्यांचा, एखाद्या शिपायासारखा ताठ.

"पाऊस लागलो की ह्याका आत घेवा. सैपाकघरातल्या खिडकीत ठेवा. आणि पाणी घालू नकात. चतुर्थीक मी येतंय, तवसर एक थेंब नको."

"एक थेंब पण नाय," मी म्हटलं.

तिने मागून घेतलेलं असं ते एकच वचन होतं. भात करपला असता तरी ती काही बोलली नसती. पण निवडुंगाची गोष्ट वेगळी होती. तो मी तिला दिलेला.

शैलाचं माहेर दोडामार्गाकडचं. तिकडे जमिनीत काठी रोवली तरी पालवी फुटते. केळी, काजू, रबर, सुपारी, मिरीचे वेल. लग्न ठरवायला गेलो तेव्हा घर दिसायच्या आधी मला अर्धा तास नुसती पानंच दिसली होती. अशा मुलीला काय द्यायचं? फुलं तिच्या परसात ढिगाने. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी घाटावरच्या फेरीला होतो. तिथे चहाच्या टपरीवाल्या म्हाताऱ्याने तेलाच्या रिकाम्या डब्यांत निवडुंग लावून ओळीने मांडले होते. मी रोज कौतुक करतो म्हणून त्याने एक उचलून माझ्या हातात दिला. त्या काळच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं बॉनेट असायचं, त्यावर मी तो ठेवला. फोंडाघाटाच्या प्रत्येक वळणाला कंडक्टर धावत येऊन डबा धरायचा आणि प्रत्येक वळणाला त्याला काटा लागायचा. घरी आलो तेव्हा शैला तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, निवडुंगाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याची पाना खंय?"

"पानं नसतात त्याला."

"मगे ह्यो जगता कसो?" म्हणाली आणि इतकी हसली, की मी पुढची तीस वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो निवडुंग दाखवला. "लग्नाच्या वर्षी आणलेला. अजून तसाच आहे बघा." शैला चहाचे कप ठेवत बाजूला उभी असायची.

ती गेल्यावर पहिले पंधरा दिवस मी स्वतःवर खूष होतो. आमटी जमली. चपात्या नाही जमल्या, पण भाकरी बऱ्यापैकी गोल यायला लागली. शेजारच्या लक्ष्मीवयनी कधी वाटीभर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणून द्यायच्या, कधी माझी आमटी चाखून "बरी आसा" म्हणायच्या, तेव्हा परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं. पडवीत पावसाची झड येते म्हणून मी स्वयंपाकघरात दोरी बांधली आणि कपडे आत वाळत घालू लागलो. ही युक्ती शैलाला कशी सुचली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

मग एका सकाळी चहा गाळताना माझं लक्ष खिडकीकडे गेलं. निवडुंग वाकला होता.

फार नाही. एखादा माणूस बाहेर कोण आलंय ते बघायला मान पुढे करतो, तेवढाच. पण तीस वर्षांत तो कधी वाकलेला नव्हता. संध्याकाळी शैलाचा व्हिडिओ कॉल आला. नेहाची तब्येत, पुण्याचा पाऊस, सगळं बोलून झालं आणि ती म्हणाली, "माजो निवडुंग दाखवा बगूया."

मी फोन खिडकीकडे नेला आणि काय सुचलं कोण जाणे, फोनच तिरका धरला. निवडुंग सरळ दिसायला लागला.

"बरो आसा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण खिडकी कित्याक वाकडी दिसता?"

"नेटवर्क," मी म्हटलं.

त्या एका शब्दाने माझी झोप उडवली. बायकोशी खोटं बोललो होतो, आणि तेही निवडुंगावरून. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, दुखणं शोधून काढायचं. गाडीचं मला कळत होतं, झाडाचं नाही. पण गाडी एका बाजूला ओढत असेल तर काय करायचं हे कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं. सगळं एकदम खोलायचं नाही. एक शंका घ्यायची, तिची खात्री करायची, मग दुसरी.

पहिली शंका उजेडाची. तो खिडकीकडे वाकला होता आणि पावसाळ्यात त्या घरात उजेड तेवढ्या खिडकीतूनच येतो. म्हटलं, बिचारा उजेड शोधतोय. सोपं होतं. पुढची चाकं डावी-उजवी बदलून बघतात, तशी मी कुंडी अर्धी फिरवली. आता त्याचं तोंड घरात आणि पाठ खिडकीकडे. कारण उजेडाचं असेल तर हळूहळू तो उठून परत खिडकीकडे वळेल. मी कंगोऱ्यांमागे भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढून ठेवली.

तीन दिवसांनी बघितलं. उठायचं राहिलं बाजूलाच, तो रेघेपासून आणखी दोन बोटं घरातच झुकला होता. म्हणजे उजेड नव्हे.

दुसरी शंका तहानेची. पण तहानलेला निवडुंग आक्रसतो, अंगावर सुरकुत्या येतात. टपरीवाल्या म्हाताऱ्याने हे मला कधीतरी सांगितलं होतं. याच्या अंगावर तर एक सुरकुती नव्हती. उलट खालची बाजू जरा जास्तच तुकतुकीत दिसत होती. मी काट्यांमधून बोट घालून बुंधा दाबला.

बोट आत गेलं.

पिकलेल्या पपईत जातं तसं. बोटाला पाणी लागलं आणि कुजका वास आला. मातीत काडी घातली तर चिखल बाहेर आला. मी हतबुद्ध झालो. एक थेंब पाणी घातलं नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं. मग हे पाणी आलं कुठून?

माणूस एकटा राहिला की त्याला शंका फार लवकर येतात. घराची दुसरी किल्ली लक्ष्मीवयनींकडे होती. मी बाजारात गेलो की त्या कधीकधी वाटी ठेवायला यायच्या. म्हटलं, यांनीच प्रेमाने घातलं असणार. त्या दुपारी त्या लावणीवरून परतत होत्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर इरलं. मी कुंपणापाशी उभा राहून शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "वयनी, तुम्ही आमच्या निवडुंगाला पाणी तर नाही ना घातलं?"

त्या जागच्या जागी थांबल्या. "मी? निवडुंगाक? शैलान माका जाताना काय सांगल्यान म्हायती आसा? 'वयनी, माजो घोव उपाशी ऱ्हवलो तरी चलात, पण निवडुंगाक पाणी घालूक देव नको.' आणि तुमी माकाच इचारतास?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. वयनींनी इरलं पडवीत ठेवलं, पाय धुतले आणि तशाच ओल्या पावलांनी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. कुंडी बघितली. ओटा बघितला. मग त्यांच्या कपाळावर काहीतरी पडलं. त्यांनी हात लावला, बोटांकडे पाहिलं आणि मान वर केली.

वर माझी दोरी होती. दोरीवर माझा लेंगा होता. लेंग्याच्या पायातून एक थेंब लोंबत खाली आला, जरा दम घेतला आणि बरोबर कुंडीत पडला. टप्‌. मग दुसरा.

"भावोजी," वयनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरात पाऊस पडता."

आणि मग त्या हसायला लागल्या. ओट्याला धरून हसल्या. "लेंगो पिळूक येणा नाय तुमका? येवढी मोठी गाडी फिरवलास, आणि लेंगो पिळूक येणा नाय?"

खरंच येत नव्हतं. आयुष्यभर मी धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले कपडे फळीवरून उचलले होते. पाऊस असो, झड असो, फळीवर ते कोरडेच असायचे. ते कोरडे कसे होतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वयनींनी तो लेंगा दोरीवरून काढला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायला लावला. अर्धी बादली पाणी निघालं. इतके दिवस मी रोज त्या निवडुंगाला आंघोळ घालत होतो.

आता तो वाचणार कसा? वयनींनी बोटाने खालून वर चाचपत नेलं. "हयसर मऊ आसा. हयसरसून वर घट्ट. शेंडो बरो आसा, भावोजी. कापा."

"कापू?"

"कुसलेला चढत जाता. आज कापलास नाय तर उद्या शेंड्यार जातला."

मी तीस वर्षांचा निवडुंग कापायला बसलो. कागदाच्या घड्यांनी त्याला गुंडाळलं, सुरी निखाऱ्यावर तापवून घेतली. पहिला काप घातला तर मधोमध काळं वर्तुळ. वयनी म्हणाल्या, आणखी वर. दुसरा काप. काळं कमी, पण होतं. सुरी पुसली, परत तापवली. तिसऱ्या कापाला आत स्वच्छ, फिकट हिरवा गाभा दिसला, काकडीसारखा ओलसर. वीतभर शेंडा माझ्या हातात उरला. बाकी सगळा खाली पेपरवर.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

बोटांत काटे, हातात शेंडा. वयनींनी फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडून शैला एकाच वेळी हसत आणि रडत होती. "अवो, ऐकतास? आपल्या नेहाक चेडू झाला! मुलगी झाली! दोगाव बरी आसत!"

माझे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात वर केला तर कपाळाला शेंडा टोचला. "अगो आई!" मी ओरडलो.

"काय झाला? काय करतास तुमी?"

"काय नाय. भाजी चिरतंय."

"कसली?"

माझी नजर ओट्यावरच्या काटेरी, कंगोरेदार तुकड्यांवर गेली. "दोडकी."

"दोडकी? तुमी?" ती पुढे काही म्हणणार, एवढ्यात तिच्या मागे बाळ रडलं. बारीक, चिडका, नव्याकोऱ्या गळ्याचा आवाज. आम्ही तिघंही ते रडणं ऐकत राहिलो. पुण्यात शैला, इकडे मी आणि माझ्या कानाशी फोन धरून उभ्या असलेल्या, लावणीवरून तशाच आलेल्या लक्ष्मीवयनी. पाऊस कौलांवर धो धो कोसळत होता, पण ते रडणं त्यावरूनही स्पष्ट ऐकू आलं. आषाढ म्हटलं की आजही मला आधी तोच आवाज आठवतो.

शेंडा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला, जिथे ऊब असते पण आच लागत नाही. दहा-बारा दिवसांनी कापलेली बाजू टणक झाली, वाळक्या खोबऱ्यासारखी. तोपर्यंत मी कुंडी घासली, उन्हाची तिरीप आली की पडवीत पालथी घातली. किनाऱ्यावरची रेती आणायला निघालो तर वयनींनी अडवलं. "खारी रेती नको. मरतलो." त्यांच्या कुंपणाचं काम अर्धवट राहिलं होतं, तिथला चिऱ्याचा तांबडा चुरा त्यांनी टोपलीभर दिला. त्यात थोडी नदीची वाळू, कोळशाचे तुकडे. शेंडा रोवला. पाणी घातलं नाही. कपड्यांची दोरी न्हाणीघराकडे गेली, आणि मी प्रत्येक कपडा असा पिळायला लागलो की दोन सदऱ्यांच्या शिवणी उसवल्या.

श्रावण आला. ऊन-पाऊस, ऊन-पाऊस. रोज सकाळी मी शेंड्याला चिमटीत धरून हलकेच वर ओढून बघायचो. सैल. सैल. परत सैल. पुण्याहून बाळाचे फोटो यायचे. कधी मूठ, कधी जांभई. शैलाला निवडुंगाचं विचारायला फुरसत नव्हती आणि मला ते सोयीचं होतं. पण चतुर्थी जवळ येत होती. गणपतीच्या खोलीला रंग दिला, मूर्तीवर टांगायच्या माटवीची लाकडं धुतली, आणि मनात एक भाषण तयार केलं. 'शैला, आधी बस. मला तुला काहीतरी सांगायचं आहे.' त्याच्या पुढे ते भाषण जात नव्हतं.

श्रावण सरता सरता एका सकाळी मी शेंडा नेहमीसारखा ओढला. तो आला नाही.

मी पुन्हा ओढला. खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं. बारीकशी, पण ठाम पकड. मी एकटाच स्वयंपाकघरात मोठ्याने "धरल्यान रे!" म्हणून ओरडलो. कुंपणापलीकडून वयनींनी विचारलं, "कोणी धरल्यान?" "मुळांनी!" मी सांगितलं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी शैला आली. रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या पदराला बाळाच्या तेलाचा वास होता. पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात. मी भाषण सुरू करायला मागोमाग धावलो. पण ती खिडकीसमोर उभी होती. हातभर निवडुंगाच्या जागी वीतभर निवडुंग बघत होती.

"शैला, आधी बस—"

"कितक्या कापात गावलो?" तिने विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. "काय?"

"हिरवो गाभो. कितक्या कापात गावलो?"

"तीन."

"माका पयल्या वेळेक पाच लागले," शैला म्हणाली.

मी पाटावर बसलो. भाषण तिचं झालं. मी आणलेला निवडुंग पहिल्याच पावसाळ्यात पडवीत कुजला होता. मी मुक्कामाच्या ड्युटीवर. ती एकोणीस-वीस वर्षांची, घरात नवी. "तुमी येवढ्या कौतुकान हाडलेलात. सांगूचो धीर नाय झालो. मी रडलंय. मगे म्हटलंय, आमच्याकडे मिरीचो वेल कापून लावतत, तो जगता. ह्यो कित्याक नाय जगाचो?" तिने शेंडा कापला, चुलीवरच्या फळीवर वाळवला, लावला. काही वर्षांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

"मग मी इतकी वर्षं पाहुण्यांना दाखवत होतो तो?"

"चवथो," शैला म्हणाली. "ह्यो तुमचो पाचवो."

मला एकदम आठवलं. मी एकदा विचारलंही होतं, हा आखूड कसा झाला? तेव्हा ती म्हणाली होती, पावसात आखडतात. आणि मी ते पुढे पाहुण्यांना सांगत होतो! तिचे खांदे हलायला लागले. मग माझेही. आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसून इतके हसलो की तिला ठसका लागला आणि मला पाणी आणायला उठावं लागलं.

चहा मी केला. तिने तो चाखला आणि अर्धा कप संपवला. मी ते प्रशस्तिपत्रक समजलो. मग म्हटलं, आज दिवस चांगला आहे, आपलंही सांगून टाकावं. "तुझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं घड्याळ चोरीला गेलं नव्हतं. घाटात झऱ्यावर तोंड धुताना काढून ठेवलं आणि विसरलो."

"म्हायती आसा," शैला म्हणाली. "तुमच्या कंडक्टरान तेवाच सांगलेल्यान."

"तेव्हाच? आणि तू बोलली नाहीस?" मी कप खाली ठेवला. "बरं. निवडुंग झाला, घड्याळ झालं. माझ्यापासून आणखी काय काय लपवलंस?"

शैलाने डावा हात पुढे धरला आणि करंगळीपासून मोजायला सुरुवात केली. करंगळीवर माझा इस्त्रीने जळालेला खाकी शर्ट होता, तसाच दुसरा शिवून घडीत ठेवलेला. दुसऱ्या बोटावर नेहा नापास झालेला सहामाहीचा गणिताचा पेपर. मधल्या बोटावर माझी आई आणि तिने मिळून मला न सांगता केलेली गोव्याची सहल. अंगठ्यापर्यंत पोचेतो चहा गार झाला होता आणि हसून हसून माझं पोट दुखायला लागलं होतं.

तिने पदराने डोळे पुसले, कप बाजूला सरकवला आणि उजवा हात पुढे केला.